'अत्तदीप' : दिवा की बेट? बौद्ध अध्ययनातील संस्कृतचे स्थान

आमच्या विहाराच्या दर्शनी भिंतीवर 'अत्त दीप भव' ही अक्षरे निळ्या रंगात रंगविलेली आहेत. महाराष्ट्रातील किती विहारांच्या भिंतींवर, किती निमंत्रणपत्रिकांच्या माथ्यावर आणि किती घरांच्या दारांवर ती असतील याची गणती करणे कठीण आहे. वर्षावासातील पालि वर्गात महापरिनिब्बान सुत्त वाचताना आम्ही सहज सांगून गेलो की, या शब्दातील 'दीप' म्हणजे 'बेट' असाही अर्थ होतो. किंबहुना बहुधा तोच मूळ अर्थ असावा. वर्गात क्षणभर शांतता पसरली. एका वयस्क उपासकांनी विचारले, "सर, हे बेट कोठून आले?" आम्ही उत्तर दिले की, त्याची एक मोठी साक्ष संस्कृत पाठांत आहे. त्यावर मागच्या रांगेतील एका तरुण विद्यार्थ्याने प्रश्न केला, "म्हणजे बुद्धवचनाचा अर्थ आता आपण संस्कृतला विचारायचा काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यांचे आहे, ते देता येते. दुसरा प्रश्न मात्र नुसता व्याकरणाचा नाही. त्यामागे आपल्या समाजाचा मोठा इतिहास उभा आहे आणि त्याला वर्गातल्या वर्गात दोन वाक्यांत उत्तर देणे हे त्या विद्यार्थ्यावर अन्याय करणारे ठरले असते. म्हणून हा लेख.

प्रथम शब्दाकडे वळू. प्रसंग भगवंतांच्या अखेरच्या वर्षावासाचा आहे. वैशालीजवळील बेलुव गावात ते राहिले असता त्यांना कठोर आजार झाला. त्यातून उठल्यानंतर आनंदाशी झालेल्या संभाषणात त्यांनी भिक्खूंना उद्देशून जो उपदेश केला त्यात 'अत्तदीपा' आणि 'अत्तसरणा' हे दोन शब्द जोडीने येतात. लगेच 'धम्मदीपा' आणि 'धम्मसरणा' हीही जोडी येते. (आज प्रचलित असलेले 'अत्त दीप भव' हे रूप सुत्तात या आकारात नाही, ते नंतर घडलेले बोधवाक्य आहे, हेही येथे नमूद करून ठेवू.) दुसऱ्या शब्दाबद्दल वाद नाही. सरण म्हणजे आश्रय, शरण जाण्याचे स्थान. प्रश्न आहे तो पहिल्या शब्दाचा.

पालि भाषेत शब्दारंभीची काही जोडाक्षरे सुटी होतात. संस्कृतात 'दीप' म्हणजे दिवा आणि 'द्वीप' म्हणजे बेट हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. पालित 'द्व' चा 'द' झाला की दोन्ही शब्द 'दीप' या एकाच रूपात येऊन मिळतात. जंबुद्वीपाला पालि ग्रंथ जंबुदीप म्हणतात. सिंहलद्वीपाच्या इतिहासग्रंथाचे नाव 'दीपवंस' आहे आणि त्याचा अर्थ 'दिव्याचा वंश' असा कोणी करीत नाही. आपल्या परिचयातील उदाहरण हवे असेल तर सौराष्ट्राच्या टोकाशी असलेल्या दीव बेटाचे नाव पाहावे. ते 'द्वीप' या शब्दापासूनच आले आहे. मालदीवमधील 'दीव' ही तोच. आणि आपण सांजवेळी लावतो तो दिवा 'दीप' पासून आलेला. दीव आणि दिवा हे दोन शब्द इतके जवळ येऊन ठेपले आहेत की, त्यांची मूळ घराणी वेगळी आहेत हे सांगितल्यावाचून कळत नाही. पालित नेमके हेच घडले आहे, फक्त तेथे रूपही एकच झाले आहे.

मग 'अत्तदीप' यातील दीप कोणता? पालि साहित्यातच याचे काही धागे सापडतात. धम्मपदातील अप्पमादवग्गात अशी एक गाथा आहे की, शहाण्या माणसाने उत्थान, अप्रमाद, संयम आणि दमन यांच्या योगे असा 'दीप' निर्माण करावा की, महापूर त्याला बुडवू शकणार नाही. पुराने बुडत नाही ते बेट. दिवा पुरात बुडतो किंवा नाही असा प्रश्न कोणाच्या मनात येणार नाही. बुद्धघोषाचार्यांच्या अट्ठकथेतही 'अत्तदीप' चा खुलासा महासमुद्रातील बेटाच्या दृष्टांताने केलेला आहे. म्हणजे थेरवादी परंपरेला हा अर्थ ठाऊक होता.

परंतु जोपर्यंत आपण केवळ पालि पाठासमोर बसतो तोपर्यंत कोणीही उठून म्हणू शकतो की, गाथेत बेट असेल, पण सुत्तात दिवाच असावा. येथे संस्कृत पाठ उपयोगी पडतो, कारण त्याला संदिग्ध राहण्याची सोयच नाही. संस्कृत लिहिणाऱ्याला 'दीप' लिहावे की 'द्वीप' हे ठरवावेच लागते. सर्वास्तिवादी परंपरेच्या 'उदानवर्ग' या ग्रंथात, जो धम्मपदाचा संस्कृत भाऊ म्हणता येईल, तीच गाथा 'द्वीप' या शब्दासह आली आहे. मध्य आशियातील तुर्फान येथून जर्मन संशोधकांनी १९०२ ते १९१४ या काळात हस्तलिखितांचे जे तुकडे नेले, त्यांतून एर्न्स्ट वाल्डश्मिट यांनी संस्कृत महापरिनिर्वाणसूत्राची जुळणी करून ते १९५० च्या सुमारास बर्लिन येथे प्रसिद्ध केले. त्यात आनंदाला केलेल्या त्याच उपदेशात 'आत्मद्वीप' हा शब्द आहे.

चिनी अनुवादांची साक्ष मात्र दुभंगलेली आहे, आणि तीही वाचकांपुढे ठेवली पाहिजे. इ. स. ४१३ मध्ये पूर्ण झालेल्या दीर्घागमाच्या चिनी अनुवादात प्रज्वलित होण्याची, म्हणजे दिव्याची कल्पना आहे. तर पाचव्या शतकात गुणभद्राने केलेल्या संयुक्तागमाच्या अनुवादात बेट आहे. यावरून असे दिसते की, दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनुवादकांसमोरही हाच पेच होता. एकाने एक वाट धरली, दुसऱ्याने दुसरी. इंग्रजीत ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली दिव्याची वाट धरली, आणि तोच अर्थ आधुनिक काळात सर्वत्र रूढ झाला.

आमचे मत बेटाच्या बाजूचे आहे. 'सरण' या शब्दाशी होणारी जोडी, पुराची गाथा, अट्ठकथा आणि संस्कृत पाठ या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवितात. शिवाय तो प्रदेश व तो ऋतू ध्यानात घ्यावा. गंडकी आणि गंगा यांच्या मधला सखल मुलूख, पावसाळा, चहूकडे पाणी, आणि त्यातून वर राहिलेला जमिनीचा उंचवटा. तेथील श्रोत्याला बेट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नसेल. दिवा वाट दाखवितो. बेट पायाखाली आधार देते. दोन्हींत स्वावलंबनाचा उपदेश आहेच, पण तो एकच उपदेश नव्हे.

आता दुसरा प्रश्न.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना संस्कृत या शब्दाबरोबर एक बंद दार आठवते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही व फारसी घ्यावी लागली, ही हकीगत त्यांच्या चरित्रांतून सर्वपरिचित आहे. ती एकट्या बाबासाहेबांची हकीगत नव्हती. पुढे कितीतरी वर्षांनी, कायदा बदलल्यावरही, आम्ही स्वतः आठवीत असताना संस्कृतसाठी हात वर केला तेव्हा शिक्षक हसून म्हणाले, "तुला उच्चार जमतील का रे?" वर्ग हसला. आम्ही हात खाली घेतला, आणि संस्कृत वर्णमालेच्या पुढे जाण्यास आम्हाला त्यानंतर पंधरा वर्षे लागली. हे येथे सांगण्याचे कारण इतकेच की, त्या तरुण विद्यार्थ्याच्या प्रश्नातील धार आम्हाला परकी नाही.

शिवाय त्याच्या बाजूला खुद्द विनयपिटक आहे. चुल्लवग्गातील कथा प्रसिद्ध आहे. यमेळ व केकुट नावाचे दोन भिक्खू, ब्राह्मण कुळात जन्मलेले, वाणीने गोड, भगवंतांकडे तक्रार घेऊन आले की, निरनिराळ्या नावांचे, गोत्रांचे, जातींचे आणि कुळांचे लोक भिक्खू होऊन आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवीत आहेत. तेव्हा ते 'छंदस्' मध्ये बांधून टाकण्याची अनुज्ञा द्यावी. भगवंतांनी त्यांची निर्भर्त्सना केली, तसे करणे हा दोष ठरविला, आणि प्रत्येकाने 'सकाय निरुत्तिया' बुद्धवचन शिकावे अशी अनुज्ञा दिली. बुद्धघोषाचार्य 'सक निरुत्ति' म्हणजे मागधी, बुद्धांची स्वतःची भाषा, असे म्हणतात. आधुनिक अभ्यासकांपैकी बरेच जण 'ज्याची त्याची स्वतःची बोली' असा अर्थ घेतात. आम्हाला दुसरा अर्थ प्रसंगाला अधिक धरून वाटतो, कारण तक्रारच मुळी अनेक जातींच्या लोकांच्या अनेक बोलींबद्दल होती. ती तक्रार करणारे दोघे ज्या स्वरात बोलले तो स्वर आमच्या शाळेतील त्या वर्गातही होता असे आम्ही म्हटले, तर वाचक आम्हाला क्षमा करतील.

मग भगवंतांनी जे नाकारले ते पुढे त्यांच्याच अनुयायांनी का स्वीकारले?

याचे उत्तर शोधताना एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. पालि म्हणजे बिघडलेली संस्कृत, असे अजूनही काही पाठ्यपुस्तकांतून सुचविले जाते. ते खरे नाही. पालि व इतर प्राकृत भाषा ज्या प्राचीन बोलींतून आल्या त्या बोली पाणिनीच्या संस्कृतशी सख्ख्या नव्हे, चुलत नात्याच्या होत्या. पालित 'येथे' या अर्थी 'इध' आहे, संस्कृतात 'इह' आहे. आणि भाषाशास्त्र सांगते की यातील 'ध' हाच जुना. म्हणजे या एका शब्दापुरती का होईना, पालि ही संस्कृतपेक्षा थोरली आहे. ज्यांना संस्कृत ही सर्व भाषांची जननी म्हणून शिकविली गेली आहे त्यांनी हा छोटा 'ध' लक्षात ठेवावा.

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत उत्तर भारतात एक मोठा बदल झाला. त्यापूर्वी राजांचे लेख, दानलेख, व्यापाऱ्यांच्या देणग्यांच्या नोंदी प्राकृतात कोरल्या जात. आपल्या सह्याद्रीतील कार्ले, नाशिक, जुन्नर येथील लेणी याची साक्ष देतात. तेथे दान देणारे सुतार, सोनार, धान्याचे व्यापारी, गृहिणी, भिक्खुणी आपल्या नावाची नोंद प्राकृतात करतात. दुसऱ्या शतकात कान्हेरी येथे मात्र एक संस्कृत लेख आढळतो. तो पाण्याच्या टाक्याच्या दानाचा असून त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा, एका महाक्षत्रपाच्या कन्येचा, उल्लेख आहे. क्षत्रपांच्या दरबारात संस्कृतची चाल पडली होती, ती तिच्या पाठोपाठ दक्षिणेत आली असावी. पुढे पाचव्या शतकात अजिंठ्यात पाहावे तर वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव वराहदेव याचा १६ व्या लेण्यातील लेख आणि भिक्षू बुद्धभद्र याचा २६ व्या लेण्यातील लेख संस्कृत पद्यांत आहेत. तेथीलच २ ऱ्या लेण्यात चित्रांबरोबर आर्यशूराच्या 'जातकमाला' या संस्कृत ग्रंथातील श्लोक रंगविलेले आहेत. ते हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०२ साली ओळखले. आपले उपासक दरवर्षी हजारोंनी अजिंठ्याला जातात, चित्रे पाहतात, आणि चित्रांखालची ती पुसट अक्षरे न वाचता परततात.

हा बदल राजदरबारापुरता नव्हता. सभांमध्ये वाद होत, ते संस्कृतात होत. प्रमाणशास्त्राची परिभाषा संस्कृतात घडत होती. नैयायिक व मीमांसक यांच्याशी वाद घालावयाचा तर त्यांना समजणाऱ्या भाषेत घालावा लागे. बौद्धांनी ती भाषा उचलली ती पूजेसाठी नव्हे, वादासाठी. आणि ती उचलताना सर्वांनी पाणिनीचे नियम पाळले असेही नाही. महावस्तूसारख्या ग्रंथांची भाषा अर्धी प्राकृत, अर्धी संस्कृत आहे. फ्रँकलिन एजर्टन यांनी १९५३ साली त्या भाषेचे स्वतंत्र व्याकरण व कोश सिद्ध केले. वैयाकरणाला ती अशुद्ध वाटेल. आम्हाला तिच्यात विहारातील माणसे बोलताना ऐकू येतात. ज्यांची घरची बोली वेगळी, पण ज्यांना सर्व प्रांतांत समजेल असे काही सांगावयाचे आहे, अशी ती माणसे आहेत. यमेळ-केकुटांनी मागितलेली भाषा आणि ही भाषा एक नव्हे, असे आम्हाला वाटते.

या भाषेत काय शिल्लक आहे याचे एक उदाहरण विस्ताराने देतो, कारण ते आपल्या वाचकांना जितके परिचित असावयास हवे तितके नाही. 'दिव्यावदान' या संग्रहात 'शार्दूलकर्णावदान' नावाची कथा आहे. श्रावस्तीत आनंद विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रकृती नावाच्या मातंग कन्येजवळ पाणी मागतो. ती म्हणते, मी मातंगाची मुलगी आहे. आनंद म्हणतो, मी तुझे कुळ किंवा जात विचारली नाही, पाणी मागितले. रवींद्रनाथांची 'चंडालिका' ही नाटिका (१९३३) या प्रसंगावर उभी आहे. त्यांना कथा मिळाली ती राजेंद्रलाल मित्र यांनी १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या नेपाळातील संस्कृत बौद्ध ग्रंथांच्या परिचयातून. येथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असते.

पण अवदान येथे संपत नाही. भगवंतांनी प्रकृतीला संघात घेतल्यावर श्रावस्तीतील ब्राह्मण व गृहपती अस्वस्थ होतात, राजा प्रसेनजितही येतो, आणि मग भगवान पूर्वजन्मीची गोष्ट सांगतात. त्रिशंकू नावाचा मातंगांचा राजा आपल्या शार्दूलकर्ण या मुलासाठी पुष्करसारी नावाच्या विद्वान ब्राह्मणाची मुलगी मागतो. ब्राह्मण संतापतो. त्यावर त्रिशंकू जो युक्तिवाद करतो तो भारतीय साहित्यातील जातिखंडनाच्या सर्वांत विस्तृत व निर्भीड प्रकरणांपैकी एक आहे. झाडांमध्ये, पशूंमध्ये, पक्ष्यांमध्ये जातिभेदाची चिन्हे शरीरावर दिसतात, माणसामाणसांत तशी दिसत नाहीत, हा त्याचा मुद्दा पालि सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तातही आहे. परंतु तेथे दोन ब्राह्मण तरुण शंका घेऊन येतात आणि भगवान उत्तर देतात. येथे स्वतः मातंग बोलतो, तोही नुसते तत्त्व सांगत नाही, तर सोयरीक मागतो. वेद, ज्योतिष, मंत्र या सर्वांत आपण ब्राह्मणापेक्षा कमी नाही हे दाखवितो. आणि अखेर ब्राह्मण आपली मुलगी देतो. कथेच्या शेवटी भगवान सांगतात की, तो त्रिशंकू म्हणजे मीच होतो.

भगवान बुद्ध स्वतःला मातंगांच्या राजाशी एकरूप करून सांगतात, असे हे आख्यान पालि तिपिटकात नाही. ते संस्कृतात आहे. चिनी भाषेत आनंद व प्रकृतीची कथा तिसऱ्या शतकातच पोहोचली होती. संस्कृत ही 'त्यांची' भाषा म्हणून आपण बाजूला ठेवली तर त्रिशंकूही बाजूला राहतो. रवींद्रनाथांच्या नाटिकेतही त्रिशंकू आलेला नाही.

तीच गोष्ट 'वज्रसूची' ची. श्रुती-स्मृतींच्याच वचनांनी जातिव्यवस्था खोडून काढणारा हा छोटा संस्कृत ग्रंथ अश्वघोषाच्या नावावर आहे. चिनी परंपरा त्याचे कर्तृत्व धर्मकीर्तीकडे देते, त्यामुळे कर्त्याचा प्रश्न आम्ही खुला ठेवतो. भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सेलॉट विल्किन्सन यांनी तो १८३९ साली छापला. त्यांच्या पदरी सिहोर येथे असलेले सुबाजी बापू हे मराठी पंडित त्यावर इतके अस्वस्थ झाले की, त्यांनी 'टंक' नावाचे खंडन संस्कृतात लिहिले, आणि ते मूळ ग्रंथाच्या सोबतच छापले गेले. टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. हिऱ्याच्या सुईवर लोखंडी छिन्नी चालविण्याचा हा उद्योग किती सफल झाला ते वाचकांनी दोन्ही ग्रंथ वाचून ठरवावे; मात्र त्यासाठी दोन्ही वाचता आले पाहिजेत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की, आज सर्व ग्रंथांचे इंग्रजी, हिंदी, मराठी अनुवाद मिळतात, मग मूळ भाषा कशाला? या आक्षेपाला मोठा आधार आहे. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते' या १९४६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःच म्हटले आहे की, संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही हे आपण मान्य करतो, परंतु ते साहित्य बहुतेक इंग्रजीत उपलब्ध असल्याने केवळ त्या कारणाने या विषयात बोलण्यास आपण अपात्र ठरत नाही. ब्राह्मणी साहित्याच्या बाबतीत ते पूर्णतः रास्त होते. वेद, स्मृती, पुराणे यांचे अनुवाद तोवर झाले होते, आणि त्यांच्या आधारे बाबासाहेबांनी काय उभे केले ते जगासमोर आहे.

बौद्ध संस्कृत साहित्याची स्थिती मात्र तेव्हा निराळी होती. वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्याचे उदाहरण घ्यावे. सर्वास्तिवादी तत्त्वज्ञानाचा हा आकरग्रंथ भारतातून नाहीसा झाला होता. ला व्हाले पूसँ यांनी चिनी व तिबेटी अनुवादांवरून १९२३ ते १९३१ या काळात त्याचा फ्रेंच अनुवाद केला. महापंडित राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले, आणि तेथील मठांत त्यांना ताडपत्रांवरील संस्कृत पोथ्या सापडल्या. त्यांत डोर मठातील या भाष्याची पोथीही होती. त्यांनी आणलेल्या छायाचित्रांवरून नुसत्या कारिका पुण्याचे प्रा. वा. वि. गोखले यांनी १९४६ साली मुंबईत प्रसिद्ध केल्या. संपूर्ण भाष्य प्रल्हाद प्रधान यांनी संपादित करून पाटण्याहून छापले ते १९६७ साली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणास तोवर अकरा वर्षे झाली होती. इंग्रजी अनुवाद १९८८ पासून निघाला, तोही फ्रेंचवरून. म्हणजे संस्कृतातून चिनीत, चिनीतून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून इंग्रजीत, आणि त्यावरून मराठीत कोणी करील तर चौथ्या हस्तांतरानंतर वसुबंधू आपल्या दारी येणार.

अनुवादावर विसंबण्यात काय धोका असतो याची याहून बोलकी हकीगत अश्वघोषाच्या 'बुद्धचरित' ची आहे. या महाकाव्याचे २८ सर्ग होते. चिनी व तिबेटी अनुवादांत ते सर्व आहेत. संस्कृतात निम्मेच उरले. काठमांडूतील ब्रिटिश रेसिडेंट ब्रायन हॉजसन यांना ग्रंथ मिळवून देणारे पाटणचे बौद्ध पंडित अमृतानंद यांना पुढील सर्ग शोधूनही सापडेनात, तेव्हा त्यांनी १८३० साली चौदाव्या सर्गाचा उर्वरित भाग आणि १५, १६, १७ हे सर्ग स्वतः रचून पोथी पुरी केली. त्यांनी ही गोष्ट लपविली नाही, पोथीत तशी नोंद आहे. कॉवेल यांनी १८९३ साली मूळ आणि १८९४ साली इंग्रजी अनुवाद छापला तो १७ सर्गांचा. प्रस्तावनेत खुलासा आहे; पण प्रस्तावना कितीजण वाचतात? सारनाथच्या धम्मचक्रप्रवर्तनाचे वर्णन अश्वघोषाचे म्हणून त्या अनुवादातून घेणारा वाचक प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातील अमृतानंदांचे काव्य वाचीत असतो. जॉन्स्टन यांनी १९३५-३६ साली जुन्या पोथीवरून शुद्ध पाठ दिला, तो चौदाव्या सर्गातच थांबतो.

हे सांगताना अमृतानंदांविषयी आमच्या मनात आदरच आहे. नेपाळातील नेवार बौद्धांनी या पोथ्या शतकानुशतके नकलून जपल्या नसत्या तर हॉजसन यांना काही मिळाले नसते. आणि हॉजसन यांनी त्या कलकत्ता, लंडन व पॅरिस येथे पाठविल्या नसत्या तर यूजेन ब्यूर्नूफ यांचा भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरील १८४४ चा ग्रंथ झाला नसता.

बुद्धचरिताचे महत्त्व आपल्याला आणखी एका कारणाने आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या, पण पहिल्या आवृत्तीत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अश्वघोषाचा विशेष उल्लेख केला आहे. त्याच्या काव्याला तोड नाही असे सांगून, काही प्रसंगांच्या निवेदनात आपण त्याची भाषाही उसनी घेतली आहे, असे ते मोकळेपणाने नोंदवितात. ज्या मुलाला संस्कृत नाकारले गेले होते त्याने आपल्या अखेरच्या ग्रंथात एका संस्कृत कवीचे ऋण मान्य केले. त्याआधी सप्टेंबर १९४९ मध्ये संस्कृत ही संघराज्याची राजभाषा व्हावी या पं. लक्ष्मीकांत मैत्र यांच्या सूचनेस त्यांनी पाठिंबा दिला होता. आणि त्याच बाबासाहेबांनी पालि व्याकरण आणि शब्दकोशावर परिश्रम घेतले. ते साहित्य शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. पालि की संस्कृत, असा पर्याय त्यांनी स्वतःपुढे ठेवल्याचे आम्हाला दिसत नाही.

आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रातही तेच दिसते. गोव्यातील साखवाळ गावचा हा तरुण बुद्धाच्या ओढीने १८९९ च्या अखेरीस घर सोडून निघाला तेव्हा पालि शिकण्याची सोय त्याला जवळ कोठेच नव्हती. पुण्यात आणि काशीत हालअपेष्टा सोसून त्यांनी आधी संस्कृत आत्मसात केले, मग १९०२ साली सिंहलद्वीप गाठले. प्रा. पु. वि. बापट, प्रा. गोखले, डॉ. प. ल. वैद्य या पुढील पिढीतील महाराष्ट्रीय पंडितांनाही बौद्ध विद्येची वाट संस्कृतातूनच सापडली. डॉ. वैद्य यांनी दरभंग्याच्या मिथिला विद्यापीठासाठी ललितविस्तर, दिव्यावदान आदी ग्रंथ नागरी लिपीत उपलब्ध करून दिले. ही सर्व मंडळी ज्या समाजातून आली त्याला संस्कृतचे दार उघडे होते, हे खरे आहे, आणि ते विसरण्याचे कारण नाही. ज्यांना ते बंद होते त्यांची मुले आज ते ग्रंथ घेऊन बसू लागली आहेत, हेही खरे आहे.

तथापि एक सावधगिरी सांगितल्यावाचून हा विषय सोडता येत नाही. संस्कृत पाठ हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. प्राकृतातून संस्कृत करणाऱ्यांनी चुकाही केल्या असाव्यात. पालि 'सुत्त' चे त्यांनी 'सूत्र' केले. परंतु सूत्र म्हणजे अल्पाक्षरी वचन, आणि बुद्धांची सुत्ते तर विस्तृत संवाद आहेत, म्हणून ते मूळ 'सूक्त', म्हणजे सुभाषित, असावे असे काही विद्वान मानतात. 'बोधिसत्त' चे 'बोधिसत्त्व' झाले. ते 'बोधिसक्त', बोधीच्या ठायी आसक्त, असेही असू शकेल. 'आत्मद्वीप' हेही एका संस्कृतकाराने केलेले अर्थनिर्णयनच आहे. ते आम्ही मान्य करतो ते संस्कृत आहे म्हणून नव्हे. इतर साक्षी त्याच्याशी जुळतात म्हणून. जेथे जुळणार नाहीत तेथे पालिचा शब्द राखावा लागेल.

त्या रविवारी वर्ग संपल्यावर तो तरुण विद्यार्थी थांबून राहिला. भिंतीवरील अक्षरांकडे पाहत म्हणाला, "मग हे पुसायचे का, सर?" आम्ही नाही म्हटले. ज्या पिढीने ती रंगविली तिला दिव्याची गरज होती. त्याने विचारले, मग शिकायला सुरुवात कोठून करावी? आम्ही त्याला धम्मपद व उदानवर्ग शेजारी ठेवून एकेक गाथा लावण्यास सांगितले. पुढील रविवारी तो आणखी तिघांना घेऊन आला. सध्या उदानवर्गातील चौथा वर्ग, अप्रमादवर्ग, चालू आहे. ज्या वयस्क उपासकांनी बेट कोठून आले म्हणून विचारले होते तेही येतात, आणि जोडाक्षरे त्यांच्याकडून अद्याप नीट म्हटली जात नाहीत. वर्गात त्यावर कोणी हसत नाही.